कांब आधी बघ, मग तास: बांबूचा तिरकमठा घरी करताना

किनवट तालुक्यात, पैनगंगेपासून फार लांब नाही असं आमचं गाव. घर सुताराचं. वडील तिफणी, वखर, कुऱ्हाडीचे दांडे करायचे, आणि दांडा बसवून घ्यायला येणाऱ्यांत आंध या आदिवासी समाजाचे एक आजोबा होते. पैशाऐवजी कधी मोहाची फुलं आणायचे, कधी डिंक. मी आठवीत असताना एकदा दांडा तयार होईपर्यंत ते आमच्या अंगणात बसले आणि आमच्याच कोयत्यानं बांबूची कांब तासायला लागले. मी विचारलं, "आजोबा, काय करायलात?" "कमठा," म्हणजे धनुष्य, एवढंच म्हणाले. दहा वेळा कोयता फिरवायचे आणि मग कांब डोळ्यासमोर धरून कितीतरी वेळ नुसती बघत बसायचे. मी उतावळा होऊन कोयता मागितला तर म्हणाले, "कांब आधी बघ, मग तास."

आज मी पन्नाशीला आलोय. दर उन्हाळ्यात गावातली पोरं माझ्याकडं कमठा शिकायला येतात. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत आपल्या साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे सुवर्णपदक घेऊन आले, तेव्हापासून पोरींचीही संख्या वाढली. त्यांचं धनुष्य कप्प्यांचं, म्हणजे कंपाउंड. आपलं एका कांबीचं. पण ताण दोन्हीकडं सारखा पडला पाहिजे ही अट तिकडंही आहे आणि इकडंही. पोरांना जे सांगतो तेच इथं लिहितो.

सुरुवात बांबूपासून. आपल्याकडं दोन बांबू सहज मिळतात. एक काटेरी कळक, आतून पोकळ. दुसरा मानवेल, जो कोरड्या माळावर वाढला तर जवळजवळ भरीव होतो. पोलिसांच्या बांबूच्या लाठ्या याच्याच. कमठ्याला मानवेल घ्या. वय तीन वर्षांच्या पुढचं हवं. पहिल्या वर्षाच्या बांबूवर टरफलं चिकटलेली असतात आणि अंगावर पांढरी भुकटी असते, तो सोडून द्या. जून बांबूचा हिरवा रंग मळकट होतो, अंगावर पांढुरके डाग येतात आणि बोटानं वाजवला तर आवाज खणखणीत येतो. बुंध्याकडची अडीच-तीन इंच जाडीची, कमीत कमी गाठी असलेली सरळ सहा फूट निवडा.

तोडायचा तो दिवाळी ते संक्रांत या काळात. पावसाळ्यात नवे कोंब फुटतात आणि बांबूच्या अंगात पिठूळ अंश जास्त असतो. त्या वासानं भुंगा लागतो, आणि दोन महिन्यांत तुमच्या कमठ्यातून पिवळट पीठ गळायला लागतं. जुनी माणसं वद्य पक्षात अमावस्येकडं तोडतात, मीही ते पाळतो. तोडल्यावर तीन आठवडे ओढ्याच्या डोहात दगडाखाली बुडवून ठेवा. पाण्याला घाण वास सुटेल, तो सुटलाच पाहिजे, कारण भुंग्याचं खाणं त्या पाण्यात उतरत असतं. मग सावलीत उभा करून दोन-तीन महिने वाळू द्या. उन्हात टाकलात तर चिरा पडतात.

बांबू आणायचा कुठून, हे पोरांचे आईबाप पहिलं विचारतात. २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला, त्यामुळं स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडायला आता परवान्याची कटकट राहिलेली नाही. जंगलातला मात्र विचारल्याशिवाय आणू नका. बांध नसेल तर बाजारच्या दिवशी बुरडाकडं जा आणि काय करायचंय ते सांगा. टोपल्या विणून ज्यांची बोटं झिजली ते हाताला लावूनच बांबूची जात ओळखतात, मी आजही त्यांनाच विचारतो.

आता चिरणं. बांबूच्या तोंडावर बरोबर मधोमध कोयता ठेवा आणि मोगरीनं ठोका. चीर पडली की कोयता पिळत पुढं सरकवा. चीर एका बाजूला पळायला लागली तर घाबरू नका, जी बाजू जाड राहतेय ती जास्त वाकवा, चीर आपोआप मध्याकडं परत येते. हे हातात बसायला दोन-तीन बांबू वाया जातील. त्यांच्या काड्या बाणाला होतात.

अर्ध्या चिरलेल्या कांबीला दोन अंगं असतात. सालीकडची ती पाठ, आतली ती पोट. पाठीत बांबूचे धागे दाट असतात आणि ताण तेच सोसतात, म्हणून पाठ निशाण्याकडं राहील आणि पोट आपल्याकडं. पाठीला कोयता लावायचा नाही. गाठीवरचा उंचवटा घासकागदानं नुसता मऊ करा, धागा तुटू देऊ नका. जे काही तासायचं ते पोटाकडून. आतल्या गाठीचा पडदा सपाट करताना तिथं बाकीपेक्षा थोडी जाडी जास्त ठेवा, कारण धागे तिथं वळसा घेतात आणि जागा नाजूक असते.

मापं मी सुताराच्या भाषेत देतो, आठ सुतांचा एक इंच. मोठ्या माणसासाठी कांब पाच फूट, बारा वर्षांच्या मुलासाठी चार. मध्य काढून कोळशानं रेघ मारा. मध्यावरचे चार इंच मुठीसाठी सोडा, तिथं जाडी कमी करायची नाही. मुठीच्या दोन्ही बाजूंची कांब म्हणजे कमठ्याचे दोन हात. मुठीपासून ते दीड इंच रुंद, निम्म्यापर्यंत तसेच, आणि तिथून टोकाला चार सुतांपर्यंत निमुळते. जाडी मुठीजवळ पाच सूत, टोकाला तीन. सुरुवातीला यापेक्षा थोडं जाडच ठेवा. टोकांपासून एक इंच आत दोन्ही कडांना गोल कानशीनं दोरीसाठी खाचा करा. खाच कडेलाच करायची, पाठीवर आडवी घ्यायची नाही.

इथपर्यंतचं काम कोयता धरता येणारा कोणीही दोन दिवसांत करील. खरा कमठा इथून पुढं घडतो.

आमच्या अंगणात लिंबाच्या झाडामागं भिंत आहे, चुन्यानं पांढरी केलेली. तिच्यावर मी कोळशानं दोन-दोन इंचांवर आडव्या रेघा मारल्यात. भिंतीत छातीच्या उंचीवर लाकडी खुंटी ठोकलीय, तिच्यावर कमठ्याची मूठ बसते, पाठ वर आणि पोट खाली. बरोबर खाली जमिनीलगत विहिरीवरची जुनी कप्पी बसवलीय. कमठ्याला सुरुवातीला सैल, कमठ्यापेक्षा वीतभर लांब अशी दोरी लावायची. तिला ताणकाट्याचा, म्हणजे स्प्रिंगच्या वजनकाट्याचा, आकडा अडकवायचा आणि काट्यापासून दोर कप्पीतून काढून दहा पावलं मागं उभं राहायचं. असं का? कमठा हातात धरून ताणला तर त्याचा बाक आपल्याला दिसतच नाही. लांबून, रेघांच्या पुढं, दोन्ही हात एकदम दिसतात.

पहिल्यांदा चार बोटं ओढा. बस. आता बघा. डावा हात रेघेच्या खाली गेला आणि उजवा वरच राहिला, तर उजवा ताठ आहे. एकाच हातात एखादी जागा सरळ काठीसारखी राहते आणि तिच्या शेजारी बाक पडतो. सरळ राहिलेली जागा ताठ, तीच तासायची. दोर सोडा, कमठा उतरवा, ताठ जागेवर पोटाकडून कोळशाची खूण करा आणि काचेच्या तुकड्यानं दहा-पंधरा वेळा खरवडा. कोयता आता खुंटीला टांगा, या टप्प्यावर तो फार जास्त घेतो. काचेनं निघणारी भुकटी कणकेसारखी बारीक हवी. मग कमठा परत खुंटीवर चढवा आणि बघण्याआधी वीस-तीस वेळा हलकेच ओढा-सोडा. बांबूला नवा बाक लगेच लक्षात येत नाही, त्याला हलवून सांगावं लागतं. मग बघा.

घरी भिंत-कप्पी जमत नसेल तर एक सोपी युक्ती आहे. वीतभर लांबीची अगदी सरळ पट्टी घ्या. थोड्या वाकलेल्या कमठ्याच्या पोटावर ती टेकवून मुठीपासून टोकाकडं सरकवा. पट्टी आणि पोट यांच्यामधली फट सगळीकडं सारखी दिसली पाहिजे. जिथं फट मिटली ती जागा ताठ. जिथं फट अचानक मोठी झाली ती जागा अशक्त, तिला हात लावायचा नाही. तिच्या दोन्ही बाजूंना खरवडून ताण वाटून द्यायचा.

ताणकाट्याचं काम असं. मोठ्या माणसाला शिकायला दहा किलोचा कमठा पुष्कळ, पोरांना पाच-सहा. काटा दहा किलो दाखवतो तिथंच थांबायचं, मग दोरी अजून बाराच इंच ओढली गेलेली असो. खरवडत जाल तसे तेच दहा किलो चौदा इंचांवर येतील, मग अठरावर. शेवटी सव्वीस इंचांवर दहा किलो आले की कमठा झाला. मधल्या काळात एकदाही दहाच्या वर जाऊ नका. लांबीच्या निम्म्यापर्यंत ओढ तर कधीच देऊ नका, पाच फुटी कमठ्याला सव्वीस-सत्तावीस इंच ही हद्द.

मी बारावीत असताना हद्द ओलांडली. मे महिना होता, मामाचा मुलगा सुट्टीला आला होता आणि त्याला दाखवायचं म्हणून मी अर्धवट तासलेला कमठा कानापर्यंत ओढला. वरच्या हातात गाठीजवळ एक जागा जास्त खरवडली गेली होती. ती मला दिसली होती. दिसूनही ओढला. कांब तिथंच फुटली आणि तिची चिपट त्याच्या भुवईत घुसली, चार टाके पडले. डोळा बोटभर अंतरानं वाचला. तेव्हापासून माझ्या अंगणात कमठा ओढताना चष्मा, गॉगल, काहीतरी डोळ्यावर असल्याशिवाय कोणी उभं राहत नाही. बाण न लावता दोरी ताणून सोडू नका, हेही त्यातच आलं. रिकाम्या दोरीचा सगळा झटका कांबीलाच बसतो.

दोन्ही हात सारखे वाकायला लागले की जवसाचं किंवा करडईचं तेल कोमट करून कापडानं चोळा. ही दोन्ही तेलं हवेत वाळून पातळ कवच धरतात, शेंगदाण्याचं तसं धरत नाही. तेलाचे तीन थर द्या, दोन थरांत दोन-दोन दिवस जाऊ द्या. तेलाची कापडं मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. वाळत पसरा किंवा पाण्यात बुडवा. मुठीला सुती दोरा घट्ट गुंडाळा.

दोरीसाठी मी अंबाडी वापरतो. बाजारात नायलॉन मिळतो आणि घाईत असाल तर तो लावा, पण अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे धागे, ज्यानं एकदा वळला त्याचं मन नायलॉनवर बसत नाही. आमच्याकडं कापसाच्या कडेनं अंबाडीची ओळ धरायची जुनी रीत, पानांची भाजी भाकरीबरोबर आणि काड्यांचा वाख दोरखंडांना. फुलावर आलेली अंबाडी कापून पेंढ्या बांधा आणि बारा-पंधरा दिवस पाण्यात कुजवा. साल बोटानं सुटायला लागली की सोला, धुवा, वाळवा. वाख विंचरून दोन सारखे पदर घ्या. प्रत्येक पदराला मांडीवर उजवीकडं पीळ द्या आणि दोन्ही पदर एकमेकांवर डावीकडं गुंडाळत जा. दोन उलट पीळ एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून दोरी सुटत नाही. पदर संपत आला की नवा वाख आत घाला, पण दोन्ही पदरांत एकाच जागी जोड घेऊ नका. दोरी एक सूत जाड, सारखी, कुठं पोट न आलेली हवी. शेवटी मधमाशीचं मेण चोळा.

तिची परीक्षा सोपी. पन्नास किलोचं ज्वारीचं पोतं आढ्याला टांगा, त्याच दोरीनं, रात्रभर. पोत्याखाली कोणी झोपू नये आणि पोतं जमिनीपासून चार बोटंच वर असावं. कमठ्याच्या ताणाच्या चार-पाचपट वजन दोरीनं पेललं पाहिजे, कारण बाण सुटताना बसणारा झटका ताणापेक्षा कितीतरी मोठा असतो. सकाळी दोरी दोन बोटं लांबलेली असेल. आता ती पुढं लांबणार नाही. एका टोकाला कायमचा फास, दुसऱ्याला गाठ, आणि लांबी अशी की चढवल्यावर कमठ्याची मूठ आणि दोरी यांच्यात हाताची वळलेली मूठ आणि तिच्यावर उभा केलेला अंगठा एवढं अंतर राहील.

बाण पटकन सांगतो. चिरताना वाया गेलेल्या बांबूची अठ्ठावीस इंची सरळ काडी घ्या, चौकोनी तासा, मग अष्टकोनी, मग घासकागदानं गोल, अडीच सूत जाड. वाकडी असेल तर निखाऱ्यावर फिरवून तळहातावर दाबा आणि गार होईपर्यंत तशीच धरा. मागच्या टोकाला दोरी बसेल एवढी खाच, आणि खाचेखाली दोऱ्याचे दहा वेढे, नाहीतर काडी खाचेतून चिरते. कोंबड्याच्या पंखातली मोठी पिसं मधोमध चिरून तीन तुकडे चार-चार इंचांचे लावा. तिन्ही एकाच पंखाची, सगळी डावी किंवा सगळी उजवी. त्यांचा बाक एकाच दिशेनं असला की बाण फिरत सरळ जातो. मोरपीस लावायचा मोह होतो, तो टाळा. मोर संरक्षित आहे आणि मोरपीस तसंही लवचिक, बाणाला निरुपयोगी.

पोरांच्या बाणाला टोक बोथटच, बाभळीच्या लाकडाचं सुपारीएवढं बोंड. टोकदार पातं करायचं असेल तर ते भिंतीवर लावायला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे आणि ज्या जंगलानं आपल्याला बांबू दिला तिथल्या सशा-तितरांवर बाण धरणाऱ्याला मी शिकवत नाही.

लोखंडी पातं सहा इंची खिळ्याचं होतं. लोहाराच्या भात्यावर लाल करायचा, ऐरणीवर चपटा करायचा, कानशीनं धार. मला जास्त ओढ आहे ती दगडी पात्याची.

आपला बराचसा मुलूख काळ्या पाषाणाचा, आणि त्या पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोट्या, अकीक, कॅल्सेडनी तयार होतात. पाषाण झिजला की त्या सुटतात आणि गोदावरीच्या वाळू-गोट्यांत सापडतात. पैठणच्या वरच्या अंगाला नेवाशाला प्रवरेकाठी १९५४ ते ५६ मध्ये पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलियांनी उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळातल्या, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या, माणसांनी कॅल्सेडनीची काढलेली पाती निघाली. मी नदीत गेलो की गोटा उचलून उन्हाकडं धरतो. दुधी, कडेनं उजेड झिरपणारा, चीर नसलेला हवा. काळा पाषाण चालत नाही, त्याचा कण भरड.

गोट्याच्या कडेवर नदीतल्या गोल दगडानं तिरका ठोका दिला की शिंपल्यासारखी कपची सुटते. पातळ, सरळ कपची निवडा. डाव्या तळहातावर जाड कातडं, त्यावर कपची, आणि उजव्या हातात लाकडी मुठीत बसवलेली जाड तांब्याची तार. पहिली गोष्ट, कपचीची कड खरखरीत दगडावर घासून बोथट करा. नव्या माणसाला हे उलटं वाटतं, धार काढायचीय आणि बोथट का करायची? कारण धारदार कड तारेखाली नुसतीच चुरते. बोथट कड दाब धरून ठेवते. तार कडेवर टेकवा, कपचीच्या आत दाबा आणि दाब धरूनच मनगट खाली मोडा. टिक् असा आवाज येतो आणि कातड्यावर नखाएवढी पारदर्शक पापुद्री पडते. ती पापुद्री पहिल्यांदा पडली त्या दिवशी मी रात्री नऊपर्यंत दिव्याखाली बसलो होतो. कपची उलटी करा, कड परत घासा, शेजारी परत दाबा. असं फिरत फिरत पातं आकाराला येतं. बुडाला दोन्ही बाजूंनी छोट्या खाचा, दोरा बसायला. सराव काचेच्या बाटलीच्या जाड बुडावर करा, ती तशीच फुटते. हे काम उघड्यावर, तोंडाला मास्क आणि डोळ्यावर गॉगल लावून. दगडाची धूळ फुप्फुसात बसते ती निघत नाही. आणि कपच्या गोळा करून पुरा, अनवाणी पोरं फिरतात.

पातं बसवायला पाच भाग राळ, एक भाग मेण, एक भाग बारीक कोळशाची पूड मंद आचेवर वितळवा. राळ पेट घेते, म्हणून चुलीवर थेट नको, तव्यात वाळू आणि वाळूत वाटी. काडी चिरून पातं आत बसवा, लेप द्या, वरून दोरा गुंडाळा.

निशाणा म्हणजे कडब्याचं भुस्कट ठासून भरलेलं पोतं, आणि त्यामागं मातीचा बांध. भिंत किंवा रस्ता मागं नको. दहा पावलांवरून सुरू करा.

माहूरचा डोंगर आमच्या गावाच्या गच्चीवरून दिसतो. परशुरामानं बाण मारून तिथं मातृतीर्थाचं पाणी काढलं असं आजी सांगायची. खंडेनवमीला घरात तासणी, पटाशी, रंधा पाटावर मांडतात, त्यांच्याशेजारी मी कमठाही ठेवतो. तो ठेवतो दोरी उतरवूनच. चढवलेल्या दोरीनं रात्र काढली तर कांब तोच बाक धरून बसते आणि तिची ओढ जाते. काम झालं की दोरी एका टोकाची काढा, कमठा दोन खुंट्यांवर आडवा ठेवा, भिंतीला उभा टेकवू नका. मे महिन्यात पत्र्याखाली तर मुळीच नको, बांबू जास्त सुकला की काचेसारखा तडकतो. आमच्या घरी त्याची जागा माठाच्या खोलीत आहे, माठाच्या वर, हाताला सहज न लागेल इतक्या उंचीवर.